कागद हरवलेली मोटरसायकल : नोंद कुठे शोधावी?

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला की बर्फ घातलेली पाटी किंवा क्रेट मागे बांधून कितीतरी दुचाक्या दापोली, आंजर्ले, केळशीच्या दिशेने निघतात. त्यांत नव्या गाड्या आहेत तशा जुन्याही पुष्कळ आहेत. एके काळी या धंद्यात बजाजची एम-एटी फार लाडकी होती. त्याआधी राजदूत, येझदी आणि ज्याच्या हातात चार पैसे खेळत त्याची बुलेट. अशी एखादी गाडी आजही कुणाच्या पडवीत, कुणाच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली उभी असते. मिस्त्री कारब्युरेटर साफ करतो, प्लग बदलतो, आठ-दहा किक मारतो आणि इंजिन बोलू लागते. गाडी चालू होते, आणि तेव्हाच घरातल्या कुणाला तरी आठवते की आर.सी. बुक कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो, बंदर ते बाजार एवढेच तर जायचे, कागद कशाला? कुणी म्हणतो, एका एजंटाला ओळखतो, तो कागदाशिवाय पासिंग करून देतो. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कागदाशिवाय नोंदणी करून देणारे कोणतेही कलम मोटार वाहन कायद्यात नाही. १९३९ चा जुना कायदा जाऊन १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा लागू झाला, त्यातही नाही. जो असे करून देतो तो बहुधा दुसऱ्या गाडीचा नंबर तुमच्या गाडीवर चढवतो, आणि पकडला जातो तो गाडीवर बसलेला माणूस.

मात्र ‘कागद नाहीत’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. गाडीची नोंद कधीकाळी झालेली आहे, फक्त घरातले पुस्तक हरवले किंवा वाळवीने खाल्ले, हा एक. गाडी मुळात कुणाची, कुठली, हेच ठाऊक नाही, हा दुसरा. पहिल्यात मार्ग आहे. आपल्या घरातले आर.सी. बुक ही केवळ एक प्रत, खरी नोंद परिवहन कार्यालयाच्या रजिस्टरात असते. दुसऱ्यात मात्र गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी हात लावू नये. भंगार म्हणून विकलेली गाडी पुन्हा रस्त्यासाठी नोंदवता येत नाही. पोलिसांच्या किंवा सरकारी खात्याच्या जाहीर लिलावात चालू स्थितीतील वाहन म्हणून घेतलेली गाडी ही निराळी बाब. तिथे लिलावाचा आदेश मिळतो आणि फॉर्म ३२ भरून ती आपल्या नावावर करता येते.

म्हणून पहिला शोध नंबरचा. नंबरपाटी गंजली असेल तरी फेकू नये. त्यावर तीन अक्षरे आणि आकडे असतील तर ती १९८९ च्या आसपासची किंवा त्याआधीची नोंद. एमएच-०८ असेल तर रत्नागिरी, एमएच-०१ ते ०३ असेल तर मुंबई. आपल्याकडे मुंबईत नोकरी करून परतलेल्यांच्या गाड्या बऱ्याच, त्यामुळे हर्णेतल्या गाडीची नोंद ताडदेव, अंधेरी किंवा वडाळ्याच्या कार्यालयात निघाली तर नवल नाही. पाटीच नसेल तर जुनी विम्याची पावती, कराची पावती, कर्ज घेतले असल्यास बँकेचा कागद शोधावा. वडिलांच्या पेटीतली एक चिठ्ठी कधी कधी सारे काम करून जाते.

नंबर हाती आला की परिवहन खात्याच्या संगणकावर तो पाहता येतो. तिथे नोंद दिसली नाही म्हणून घाबरू नये. जुनी रजिस्टरे हाताने लिहिलेली होती आणि त्यांतल्या सगळ्याच गाड्या संगणकावर चढलेल्या नाहीत. अशा वेळी मूळ कार्यालयात अर्ज करून जुन्या रजिस्टरातून नोंद चढवून घ्यावी लागते. काम चिवट आहे, दोन-तीन खेपा होतात, पण होते.

आता समुद्राची गोष्ट. आपल्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला जातो तसे आकडेही खाल्ले जातात. चेसीस नंबर बहुतेक जुन्या गाड्यांत हँडलच्या खालच्या नळीजवळ आणि इंजिन नंबर इंजिनच्या कवचावर ठोकलेला असतो. अर्जावर या चेसीस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लावावा लागतो आणि निरीक्षक तो ठसा व गाडी ताडून पाहतो. म्हणून मिस्त्री बंधूंना विनंती की त्या जागेवर ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर फिरवू नये. रॉकेल लावून मऊ ब्रशने गंज सोडवावा, ठसा घ्यावा, आणि मगच रंगकामाला हात घालावा. आकडा वाचता येत नसेल तर तो स्वतः पुन्हा ठोकणे म्हणजे चोरीचा संशय विकत घेणे होय. त्यासाठी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले असेल तर त्याचे बिल जपून ठेवावे आणि बदलाची नोंद आर.सी.वर करून घ्यावी. ग्राहकाला पक्के बिल न देण्याची आपल्या गॅरेजांची सवय अशा वेळी ग्राहकाच्या गळ्याशी येते.

नोंद सापडली, गाडी आपल्याच नावावर आहे, फक्त पुस्तक हरवले, तर काम सोपे. हद्दीच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्यावी आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागावी. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याला शोधून फॉर्म २९ व ३० वर सही घ्यावी लागते. मालक वारले असतील तर फॉर्म ३१. नियमाप्रमाणे वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवून ३ महिन्यांत अर्ज करावा. आपल्याकडे बहुधा वर्षे लोटलेली असतात. तरीही अर्ज करावा, विलंबाचा भुर्दंड भरावा. मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. इतर वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. आईचा आणि बहिणींचा हक्क आहे, त्यांची सही हवीच. २०२१ पासून आर.सी.वर वारस म्हणून एकाचे नाव आधीच नोंदवता येते. ज्यांच्या गाड्या आज चालू आहेत त्यांनी हे करून ठेवले तर मुलांच्या खेपा वाचतील.

हे सगळे ऐकून अनेक जण विचारतात, एवढा खटाटोप कशासाठी? पोलिसांनी अडवले तर दंड भरू. दंड हा लहान भाग आहे. नोंदणी नसलेली गाडी कलम २०७ खाली जप्त होऊ शकते, आणि लिलावाच्या वेळेला गाडी ठाण्यात उभी असली की त्या दिवसाचा माल गेला. मोठा भाग अपघाताचा. चालू नोंद नसेल तर विमा मिळत नाही किंवा मिळाला तरी दाव्याच्या वेळी वाद होतो, आणि विमा नसेल तर जखमीची किंवा मृताच्या घरच्यांची भरपाई खिशातून द्यावी लागते. ती रक्कम लाखांत जाते. होडीतला हिस्सा विकून ती भरावी लागेल.

विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. त्यातली मोटार २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे आणखी काही हातांतून गेली, आणि २००९ च्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. न्यायालयाने नोंदीत ज्याचे नाव तोच मालक असे धरून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. आपल्या बाजारात कोऱ्या फॉर्मवर सही करून, पैसे मोजून, चहा पिऊन गाडी देण्याची रीत आहे. आखातात गेलेल्या कितीतरी जणांच्या नावावर इथे अजून गाड्या फिरत असतील. त्यांनी सुट्टीवर आल्यावर आपल्या नावाचा शोध जरूर घ्यावा.

खर्चाचे म्हणाल तर, १५ वर्षे झाली की गाडी बाद, हा समज आपल्या जिल्ह्यात खरा नाही. तो वाद दिल्ली परिसरातला. इथे १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून, दर ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलची नूतनीकरण फी १००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीसाठी ती २००० करण्यात आली. पर्यावरण कर, थकलेला कर, विलंबशुल्क आणि पी.यू.सी. हे वेगळे. एम-एटीच्या किमतीत हे बसते का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. बसत नसेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन दाखला घ्यावा आणि नोंद रद्द करून घ्यावी, म्हणजे नाव तरी मोकळे होते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीही मिळते. पुनर्नोंदणीची फी ५००० रुपये, नव्या नोंदणीची २०,०००, मुदत १० वर्षे, आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यावर मासळीची पाटी बांधता येणार नाही, तेव्हा धंद्यातल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

शेवटी नव्या उच्च सुरक्षा नंबरपाटीविषयी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली असून २०२५ मध्ये तिची मुदत अनेकदा वाढवावी लागली. संगणकावर गाडीची नोंद नसेल तर ही पाटी मागवताच येत नाही. म्हणून आधी नोंद, मग पाटी. रत्नागिरीला जाऊन-येऊन हर्णेकराचा दिवस मोडतो, तेव्हा तालुक्यात परिवहन खात्याचा कॅम्प कधी आहे ते विचारून, सर्व कागदांच्या दोन-दोन प्रती आणि चेसीसचा ठसा बरोबर घेऊनच निघावे.