काउंटरमागची नोकरी आणि तिची मुलाखत

बारावी वा पदवी पदरात पडल्यानंतर पहिल्या नोकरीच्या शोधात निघालेल्या अनेक गोमंतकीय तरुणांची पावले आता पणजी, पर्वरी आणि मडगाव येथील मोठ्या विक्रीदालनांकडे वळतात. मात्र या मुलाखतीची तयारी बहुधा कारकुनी नोकरीसारखी केली जाते. प्रमाणपत्रांची फाईल काखेत आणि ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर ओठांवर. दालनाचा व्यवस्थापक पाहत असतो ते निराळेच.

ते समजण्यासाठी या दुकानाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागेल. जुन्या कापड दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसे आणि दुकानदार ठाणावर ठाण उलगडी. भाव बोलण्यात ठरे. एका छपराखाली अनेक विभाग असलेल्या डिपार्टमेंटल स्टोअरने हे नाते पालटले. एकोणिसाव्या शतकात पॅरिससारख्या शहरांत रुजलेल्या या पद्धतीत किंमत वस्तूवर लिहिलेली असते, माल उघडा असतो आणि काही न घेता फिरण्याची मुभा असते. भारतात तिची आधुनिक साखळी रूढ झाली ती १९९१ मध्ये मुंबईच्या अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ सुरू झाल्यानंतर. अशा दालनात विक्रेत्याला भाव करायचा नसतो आणि माल उलगडून दाखवण्याचे कामही फारसे उरत नाही. ग्राहकाजवळ कधी जावे, काय विचारावे आणि कधी दूर राहावे, हे ओळखणे हेच त्याचे कसब.

म्हणूनच मुलाखतीत एखादा शर्ट हाती देऊन ‘हा मला विका’ असे सांगितले जाते. बहुतेक उमेदवार लगेच कापडाची स्तुती सुरू करतात. तेथेच गडबड होते. शर्ट कोणासाठी हवा, रोजच्या वापराचा की साखरपुड्याला घालायचा, हे विचारल्याशिवाय स्तुतीला अर्थ नसतो. प्रश्नाने सुरुवात करणारा उमेदवार व्यवस्थापकाच्या ध्यानात राहतो. दुसरा ठरलेला प्रसंग संतापलेल्या ग्राहकाचा. बिल नसताना कोणी कपडा परत घेऊन आला तर काय कराल? ‘ग्राहक नेहमीच बरोबर असतो’ हे उत्तर ऐकायला बरे, पण दालनाला परवडणारे नाही. आधी पूर्ण ऐकून घेणे, नियम नम्रपणे सांगणे आणि सवलत स्वतःच्या मनाने न देता वरिष्ठांना बोलावणे, हा क्रम अपेक्षित असतो.

थोडे गणितही विचारले जाते. २० टक्के सूट आणि त्यावर आणखी १० टक्के म्हणजे ३० टक्के नव्हे. २,००० रुपयांचा शर्ट प्रथम १,६०० आणि मग १,४४० रुपयांना पडतो, म्हणजे एकूण सूट २८ टक्के. ऐन गर्दीत ग्राहक हाच प्रश्न विचारतो, तेव्हा चाचपडणाऱ्या विक्रेत्यावरचा विश्वास उडतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना धाक वाटतो तो इंग्रजीचा. तो बराचसा अनाठायी आहे. माप, रंग, किंमत, बदलून देण्याचा नियम, ट्रायल रूम कोठे आहे, एवढ्या विषयांपुरती वाक्ये सफाईने आली तर सुरुवात होते. उलट कोकणी, मराठी आणि हिंदी तिन्ही सहज बोलणारा विक्रेता स्थानिक कुटुंबालाही सांभाळतो आणि देशभरातून आलेल्या पर्यटकालाही. ही जमेची बाजू उमेदवार स्वतःहून सांगत नाहीत, हे नवलच.

मुलाखत दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. पहिला प्रश्न, नियुक्तीपत्र कोण देणार? प्रसाधने, घड्याळे, नामांकित कपडे यांच्या काउंटरवर उभे असलेले अनेक कर्मचारी त्या दालनाचे नसतातच. ते संबंधित ब्रँडच्या किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पटावर असतात. वेतन, रजा आणि बढती कोणाकडे मागायची, हे त्यावरून ठरते. दुसरा प्रश्न वेतनाचा. ‘सीटीसी’ म्हणून सांगितलेला आकडा हाती पडत नाही, कारण त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटाही धरलेला असतो. समजा, मूळ वेतन १२,००० आणि भत्त्यांसह एकूण १६,००० रुपये आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांप्रमाणे १,४४० रुपये भविष्यनिर्वाह निधीत आणि एकूण वेतनाच्या पाऊण टक्क्याप्रमाणे १२० रुपये राज्य कामगार विम्यात गेले, तर हाती १४,४४० रुपये येतात. विक्रीवरील प्रोत्साहनपर रक्कम वैयक्तिक लक्ष्यावर मिळते की पूर्ण दालनाच्या, हेही विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि गोव्यात तो सर्वांत बिकट. दालन रात्री उशिरा बंद होते, हिशेब आणि आवराआवर त्यानंतर. सत्तरी वा पेडण्याकडे जाणाऱ्याला तेव्हा बस मिळेलच असे नाही. दुचाकी नसलेल्या मुलीच्या घरी नोकरीला नकार मिळतो तो याच कारणाने. सकाळची पाळी मिळेल का, हे रुजू झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते आणि चतुर्थीपूर्वीची गर्दी व नाताळचा मोसम यांत रजा दुर्मीळ, हेही घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. दिवसभर उभे राहावे लागते, ही गोष्ट तर बोललीच जात नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. तेव्हा बसण्याची सोय आहे का, असे विचारण्यात गैर काही नाही.

गणवेश, प्रशिक्षण किंवा नोंदणी यांच्या नावाखाली मुलाखतीआधी पैसे मागितले गेले, तर तेथूनच परतावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवायला देऊ नयेत, पडताळणीपुरती दाखवावीत.

मुलाखतीनंतर आठवडाभर निरोप आला नाही, तर दालनात जाऊन चौकशी करायला हरकत नाही. मात्र ती मंगळवार-बुधवारच्या दुपारी, गर्दी नसताना. शनिवारी संध्याकाळी व्यवस्थापकाला गाठणाऱ्या उमेदवाराला दुकानाचे वेळापत्रक कळत नाही, असाच समज होतो.