लोकप्रशासन: नागपूर ते नवी पेठ

लोकप्रशासन हा विषय स्पर्धा परीक्षेसाठी निघालेला नाही, हे पुण्यातल्या नवी पेठेच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला सांगून पटणार नाही. पण १९४९च्या सुमारास नागपूर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातल्या विद्यापीठांमधला तो अशा प्रकारचा पहिला विभाग मानला जातो. त्याच्या नावात ‘लोकप्रशासन’ होतं, तसंच ‘स्थानिक स्वराज्य’ही होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. द्वारकाप्रसाद मिश्र यांची जनपद योजना प्रांतात नुकतीच लागू झाली होती आणि तहसीलवार जनपद सभा कामाला लागत होत्या. कारभार खाली कसा उतरवायचा हा तिथला रोजचा प्रश्न होता. विद्यापीठ त्याच प्रश्नाचा अभ्यास मांडत होतं.

पुढची दोन दशकं या विषयाला अनुकूल गेली. अमेरिकी तज्ज्ञ पॉल ॲपलबी यांच्या अहवालानंतर १९५४ साली दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि सीईओ, बीडीओ, सभापती हे शब्द गावच्या पारावर पोहोचले. महाविद्यालयात मात्र लोकप्रशासन बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राच्या आश्रयालाच राहिलं. बी.ए.च्या मुलांच्या वाट्याला एखादा पेपर यायचा. त्यात वुड्रो विल्सनचा १८८७चा निबंध, वेबरची नोकरशाही, फेयॉलची चौदा तत्त्वं आणि गुलिकचं पोस्डकॉर्ब. पाठ करा, लिहा, विसरून जा.

नशीब पालटलं ते परीक्षेमुळे. कोठारी समितीच्या शिफारशीनुसार १९७९पासून नागरी सेवा परीक्षा तीन टप्प्यांत होऊ लागली आणि मराठीतून उत्तरं लिहिण्याची वाट मोकळी झाली. १९८७मध्ये लोकप्रशासन हा स्वतंत्र वैकल्पिक विषय म्हणून यादीत आला. मग इंजिनिअर, डॉक्टर, कृषी पदवीधर सगळेच ‘पब ॲड’ घेऊ लागले. हिशेब सरळ होता. पदवीला विषय असण्याची गरज नव्हती, अभ्यासक्रम आटोपशीर होता, भारतीय प्रशासनाचा दुसरा पेपर सामान्य अध्ययनाला हात द्यायचा आणि मुलाखतीतही उपयोगी पडायचा. विषय ‘स्कोअरिंग’ ठरला आणि महाविद्यालयाच्या हातून निसटून क्लासच्या ताब्यात गेला. नोट्स दिल्लीहून यायच्या, त्याही इंग्रजीत. मराठी माध्यमातली मुलं त्या समोर ठेवून रात्र-रात्र स्वतःच भाषांतर करायची आणि त्या वहीच्या झेरॉक्स होस्टेलभर फिरायच्या.

त्या काळातल्या तयारीचं बळ आणि दुबळेपण एकाच धड्यात दिसायचं. तो धडा फ्रेड रिग्जचा. नियम कागदावर एक आणि व्यवहारात दुसरा, अशा समाजांचं प्रशासन कसं चालतं हे त्याने मांडलं. मुलं त्यावर झकास उत्तर लिहायची: व्याख्या, आकृती, तीन टीका, समारोप. त्याच मुलाला विचारावं, ‘तुझ्या वडिलांनी जमीन घेतली, तर सातबाऱ्यावर नाव लागतं कसं?’ तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपावी लागते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, हा क्रम शेतकऱ्याच्या पोरालाही अनेकदा सांगता यायचा नाही. पण ही नोंद काही ठिकाणी महिनोन्‌महिने का अडते, हे त्याला घरच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक असायचं. रिग्ज त्याच्या घरातच बसला होता. उत्तरपत्रिकेत मात्र तो परदेशी पाहुणाच राहायचा.

उतारही परीक्षेनेच दाखवला. २०११मध्ये पूर्वपरीक्षेतला वैकल्पिक विषय गेला आणि सीसॅट ही कलचाचणी आली. २०१३पासून मुख्य परीक्षेत दोनाऐवजी एकच वैकल्पिक विषय उरला. त्याच सुमारास ‘पब ॲड’चे प्रश्न अवघड, आडवळणाचे होत गेले आणि मुलांनी समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्राची वाट धरली. इकडे राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२पासून वस्तुनिष्ठ झाली आणि तिथले वैकल्पिक विषयच संपले. गंमत अशी, की याच काळात लोकप्रशासनातला बराच मजकूर सर्वांना सक्तीचा झाला. सुशासन, माहितीचा अधिकार, नागरिकांची सनद, प्रशासनातली नीतिमत्ता हे सगळं सामान्य अध्ययनात शिरलं. प्रत्येक उमेदवार त्यातलं थोडं वाचतो, पण सलग अभ्यास करणारे थोडेच. विषय सगळ्यांचा झाला आणि कुणाचाच राहिला नाही.

आता चक्र पुन्हा फिरलं आहे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत परतणारी विवरणात्मक पद्धत लगेच नको म्हणून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि आयोगाने ती २०२५पासून लागू करायचं ठरवलं. राज्यसेवेत वैकल्पिक विषय परतले, त्यात लोकप्रशासनही आहे. नव्या पेपरामागून नव्या नोट्स येतीलच, त्याची काळजी नको.

काळजी महाविद्यालयांनी करायची आहे. परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांना पद मिळत नाही, हे सर्वांना माहीत असतं. त्यांच्या हाती काय उरतं यावर विषयाची किंमत ठरायला हवी. एका सत्रात जवळच्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक वाचायला लावावं. ग्रामसभेचं इतिवृत्त आणि प्रत्यक्षात झालेली कामं ताडून पाहायला सांगावीत. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार ठरवून दिलेल्या मुदतीत एखादा दाखला मिळतो का, हे मुलांनी स्वतः अर्ज करून पाहावं. यातून निवड झालेल्याला खुर्चीच्या पलीकडची बाजू कळेल आणि न झालेल्याला आपल्या गावचा कारभार वाचता येईल. उद्या आयोगाने पॅटर्न पुन्हा बदलला, तरी एवढं शिक्षण वाया जाणार नाही.