जिवाणूंचा प्रथिन-कारखाना आणि तुरीचे बियाणे

महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र म्हणून ख्यात असलेले रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात वसलेले आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्याही वर चढतो आणि मृगाच्या सुमारास तूर, मूग, सोयाबीन यांच्या पेरणीची लगबग सुरू होते. या बियाण्यांस चोळण्यासाठी जे रायझोबियम जिवाणू खत वापरतात, ते निर्जीव खत नसून सजीवांचा साठा आहे. याची जाणीव नसल्यास केलेला खर्च वाया जातो.

प्रत्येक जिवाणूच्या पेशीत रायबोसोम नावाचे असंख्य सूक्ष्म कण असतात. अमिनो आम्ले जोडून प्रथिने तयार करणे हे त्यांचे कार्य. या कणांची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा कारखाना चालविण्यास फार ऊर्जा लागते. म्हणून उपासमार होताच जिवाणू एक संदेशवाहक रसायन तयार करतो. त्यामुळे नव्या रायबोसोमांची निर्मिती मंदावते व जगण्यापुरतीच प्रथिने बनू लागतात. अनेक जिवाणूंत तर दोन-दोन रायबोसोम एकमेकांस जोडले जाऊन निद्रिस्त होतात. अन्न मिळताच ते विलग होऊन पुन्हा कामास लागतात. उष्णता वाढली की प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. अशा वेळी कारखाना इतर कामे बाजूस सारून त्या घड्या सावरणारी संरक्षक प्रथिने प्रथम तयार करतो.

तथापि या सहनशक्तीस मर्यादा आहे. तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवलेल्या पाकिटातील जिवाणू अखेर मरतात. म्हणून पाकीट थंड जागी, सावलीत ठेवावे व वापराची अंतिम तारीख पाहूनच घ्यावे. पिकानुसार वेगळे खत असते. तुरीचे सोयाबीनला चालत नाही. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करावी. त्यानंतर दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम खत गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पेरणी पुरेशी ओल झाल्यावरच करावी. कोरड्या, तप्त मातीत जिवाणूंचा निभाव लागत नाही.

मुळांवर गाठी बांधून हे जिवाणू हवेतील नत्र पिकास पुरवितात व रासायनिक खतावरील भार तेवढा हलका होतो. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास एखादे रोप अलगद उपटून शेतकऱ्यांस दाखवावे. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर जिवाणूंचे कार्य सुरू आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर पुढील हंगामात पाकिटाची साठवण व बीजप्रक्रिया यांकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे.