दाढ बसवण्याआधीचा नकाशा

नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर उसाच्या पट्ट्यातलं. दाढ गेली की कांडं सोलणं संपलं. त्यावर उपाय इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला तो बसवला.

खरी भीती खालच्या जबड्यातल्या नसेची. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी कळत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये कळते. त्यावर तोंडाचा डिजिटल स्कॅन जुळवून, नसेपासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखून स्क्रूची जागा आणि कोन संगणकावर ठरवतात. मग थ्रीडी प्रिंटरवर साचा छापतात. ड्रिल त्याच्या छिद्रातूनच जातं. हाडाला स्क्रू घट्ट धरायला मात्र काही महिने लागतातच, तिथे संगणकाचं चालत नाही. मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.