हजार फुटांवरचा निर्णय

27 मे 2010. डार्विनहून निघालेलं जेटस्टारचं एअरबस ए-321 सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरत होतं. विमान सहवैमानिकाच्या हाती होतं. शेजारी बसलेल्या कॅप्टनचं काम नजर ठेवणं, आकडे लावणं आणि तपासण्या करणं. विमान दोनेक हजार फुटांवर असताना कॉकपिटमध्ये मोबाइलवर मेसेज आल्याचे आवाज येऊ लागले. फोन कॅप्टनचा, बंद करायचा राहिलेला. सहवैमानिकाने एक उंची सेट करायला सांगितली, उत्तर नाही. पुन्हा सांगितली, तरी नाही. कॅप्टन फोनशी झटत होता.

हजार फूट आले तरी चाकं विमानाच्या पोटातच होती. सुमारे 720 फुटांवर धोक्याचा इशारा वाजला, तेव्हा कॅप्टनने चाकांचा दांडा खाली ओढला. पण चाकं पूर्ण उतरून लॉक व्हायला काही सेकंद लागतात आणि जमीन तोवर थांबत नाही. विमान 392 फुटांपर्यंत आल्यावर पुन्हा वर गेलं आणि दुसऱ्या फेरीत सुखरूप उतरलं.

या घटनेच्या बातम्यांत फोनच गाजला. मला त्याहून गंभीर वाटते ती पुढची गोष्ट. इशारा वाजल्यावर सहवैमानिकाच्या मनात होतं वर जायचं, कॅप्टनच्या मनात उतरण्याची तयारी पुरी करायची. दोघांपैकी कोणीच ते वेळेवर बोललं नाही.

उतरताना प्रवासी विमानाचा वेग साधारण ताशी अडीचशे किलोमीटर असतो. हजार फुटांवरून धावपट्टीपर्यंत जेमतेम दीड मिनिट मिळतं. म्हणून बहुतेक कंपन्यांचा नियम असा, की ढगाळ हवेत हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान ‘स्थिर’ हवं. म्हणजे चाकं आणि फ्लॅप्स खाली, वेग व उतार ठरलेला, तपासण्या संपलेल्या. यातलं एक जरी नसेल, तर ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, हा अमेरिकेतला 1981 चा नियमही अशाच एका घटनेची आठवण आहे. 1974 मध्ये शार्लटजवळ विमान उतरवताना वैमानिक राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा मारत होते. त्या अपघातात 70 हून अधिक माणसं गेली.

सिंगापूरच्या घटनेच्या पाचच दिवस आधी, 22 मे 2010 ला, मंगळुरूला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दरीत कोसळलं होतं. 158 मृत्यू, आठ जण वाचले. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावर विमान फार उंचावर असूनही उतरवत राहिला. सहवैमानिक ‘गो अराउंड’ म्हणाला, एकदा नाही, अनेकदा. कॅप्टनने ऐकलं नाही आणि सहवैमानिकाने सूत्रं हाती घेतली नाहीत. ज्येष्ठांपुढे आवाज न चढवण्याची आपली सवय कॉकपिटच्या दारावर थांबत नाही.

7 ऑगस्ट 2020 चा कोझिकोडचा विमान अपघात महाराष्ट्राला विशेष चटका लावून गेला. विमानाचे कॅप्टन नागपूरचे होते. त्या दिवशी मुसळधार पावसात पहिल्या वेळी वैमानिकांनी विमान वर नेलं होतं. दुसऱ्या वेळी अवतरण अस्थिर असूनही ते उतरलेच, असं चौकशी अहवाल सांगतो. 21 जणांचा जीव गेला.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार शंभरातली तीन ते चार अवतरणं अस्थिर असतात. त्यांपैकी फक्त तीन टक्के वेळा वैमानिक वर जातात. नियम माहीत असतो, पण धावपट्टी समोर दिसत असते. जुळवून घेऊ, असं वाटतं आणि बहुतेक वेळा जुळतंही. घात तिथेच होतो. म्हणून वर गेलेल्या वैमानिकाला जाब विचारायचा नाही, हे धोरण कागदावर असून भागत नाही. रोस्टर लावणाऱ्या आणि इंधनाचा हिशेब मागणाऱ्या साहेबांनीही ते पाळायला हवं.

प्रवाशांचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात मुंबईवर विमान उतरता उतरता गर्जना करत पुन्हा वर गेलं, तर अर्ध्या तासाच्या उशिरासाठी कंपनीकडे तक्रार करू नका.