भाताची हवा, वालाचं रक्त

शाळेच्या विज्ञानात 'परिवहन' म्हटलं की दोन आकृत्या येतात. एक हृदयाची, निम्मी लाल, निम्मी निळी. दुसरी खोडाच्या छेदाची, जलवाहिनी आणि रसवाहिनी दाखवणारी. नावं बरोबर दिली की गुण मिळतात आणि माणसाचा झाडाशी असलेला संबंध तिथेच संपतो. खालापूर-कर्जतकडच्या मुलांना मात्र हा धडा बांधावर बसून वाचता येईल. पावसाळ्यात खाचरात भात उभा असतो. तो कापला की उरलेल्या ओलीवर त्याच जागी वाल पेरतात. ही दोन पिकं एक वेगळाच प्रश्न घालतात : मुळांना प्राणवायू कोण पोचवतं?

माणसापुरतं उत्तर सर्वांना ठाऊक आहे. हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला साधारण ७० ठोके पडतात. म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. विल्यम हार्वेने १६२८ साली असाच गुणाकार मांडून विचारलं होतं, की इतकं रक्त खाल्लेल्या अन्नातून दर घटकेला नव्याने बनेलच कसं? तेव्हा तेच रक्त फिरत असलं पाहिजे. पण नुसतं फिरवून भागत नाही. प्राणवायू द्रवात फार थोडा विरघळतो. लिटरभर रक्तात तो नुसता विरघळून ३ मिलिलिटरच्या आसपास मावतो. हिमोग्लोबिनमुळे हाच आकडा २०० पर्यंत जातो. ही करामत त्यातल्या लोहाची.

झाडाला हृदय नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि खालची पाण्याची सलग धार वर ओढली जाते, असं डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलं. खोपोलीच्या टाटा वीजघरात १९१५ पासून याच्या नेमकं उलट चाललं आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी ५०० मीटरहून अधिक खाली येतं आणि नळाच्या तळाशी वातावरणाच्या पन्नासपट दाबाने टर्बाइनवर आदळतं. तिथे पाणी दाबलेलं, तर घाटातल्या ऐनाच्या खोडात ते ताणलेलं असतं. जगदीशचंद्र बोस यांना डिक्सन-जोलींचं हे म्हणणं पटलं नव्हतं. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदनं करून रस वर चढवतात असं त्यांनी १९२३ च्या ग्रंथात लिहिलं. ते टिकलं नाही. पण झाडात हृदय शोधायचा मोह केवढ्या माणसाला पडला होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता प्राणवायूकडे येऊ. पाण्याबरोबर तो थोडाफार येतो, पण मुळांची गरज त्याने भागत नाही. साध्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते आणि मुळं तीच घेतात. म्हणून पुस्तकाला या वाहतुकीचा वेगळा विचार करावा लागत नाही. चिखलणी केलेल्या खाचरात मात्र त्या फटी पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो आणि मातीत उरलेला सूक्ष्मजीव एक-दोन दिवसांत संपवतात. तूर बांधावर लावतात ती यासाठीच. तिच्या मुळाशी पाणी साचलं तर ती भर पाण्यात कोमेजते, कारण गुदमरलेल्या मुळांना समोरचं पाणीही नीट शोषता येत नाही.

भात गुदमरत नाही, कारण त्याने हवेचे नळ घातले आहेत. मुळाच्या सालीतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या जागी लांबट पोकळ्या राहतात. मूळ आडवं कापून भिंगाखाली धरलं तर त्या दिसतात. पानांतून शिरलेली हवा खोडातल्या पोकळ्यांमधून थेट मुळाच्या टोकापर्यंत उतरते. पंप नाही, वाहक द्रव नाही. वाटेत ती चिखलात झिरपून जाऊ नये म्हणून मुळाच्या बाहेरच्या थरांना सुबेरिनचा लेप असतो. बुचाच्या सालीत असतं तेच हे द्रव्य. पान पाण्यात बुडवून पाहा, चंदेरी चमकतं. ती पानाला चिकटून राहिलेली हवेची पातळ चादर असते आणि पुरात बुडालेलं रोप काही काळ तिच्या आधारावर तगतं.

थोडा प्राणवायू मुळांतून गळतोच, आणि त्याची खूण दिसते. खाचरातलं रोप उपटून धुतलं तर जुनी मुळं तांबूस निघतात. चिखलात विरघळलेलं लोह तिथे प्राणवायू भेटताच गंजून बसलेलं असतं. हे नळ उलट्या दिशेनेही चालतात. चिखलात तयार होणारा मिथेन बहुतांशी भाताच्या रोपातूनच वर हवेत जातो, त्यामुळे हवामानबदलाच्या चर्चेत भातशेतीवर बोट ठेवलं जातं. भाताची वाट तेवढी दिसते, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव चिखलाआड राहतात, आणि बोलणी भाताला बसतात.

वालाची अडचण भाताच्या उलट आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जीवाणू हवेतला नत्र पकडून रोपाला देतात. या कामाला भरपूर ऊर्जा लागते, म्हणजे प्राणवायू हवाच. पण नत्र पकडणारं त्यांचं विकर मोकळ्या प्राणवायूने निकामी होतं. म्हणून प्राणवायू हवा तेवढाच, आणि बांधलेल्या स्थितीत पोचवावा लागतो. त्यासाठी रोप जे वापरतं ते चक्क हिमोग्लोबिन आहे. कुबो या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये सोयाबीनच्या गाठींत ते ओळखलं. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, याच्यात एकच. पण मधोमध तोच लोहाचा अणू, आणि प्राणवायूवरची पकड आपल्यापेक्षा पुष्कळ घट्ट.

विज्ञानाच्या तासाला याहून स्वस्त प्रयोग नसेल. फुलोऱ्यातलं वालाचं एक रोप मातीसकट उकरायचं, मुळं हलक्या हाताने धुवायची आणि टपोरी गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे. पांढरी निघाली तर तिच्यात नत्र बांधला जात नाही. मात्र वालाच्या शेंगा भाजायला पोपटीची मडकी लागेपर्यंत थांबू नये. शेंगा भरल्या की लाल रंगद्रव्य बिघडतं आणि गाठी हिरवट पडतात.