चुन्याखाली टिकलेली चित्रे : ओह्रिडची देवळे

उत्तर मॅसेडोनियाच्या नैर्ऋत्य टोकाला, अल्बानियाच्या सीमेवर पसरलेल्या सरोवराच्या काठी ओह्रिड हे गाव आहे. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९३ मीटर उंचीवर असून त्याची खोली २८० मीटरांहून अधिक, तर वय दहा लाख वर्षांच्या पुढे आहे. प्राचीन काळी गावाला लिख्निडोस म्हणत. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे जाणारा व्हिया एग्नाशिया हा रोमन राजरस्ता येथूनच जात असे. जुने गाव काठापासून टेकडीवरच्या किल्ल्यापर्यंत चढत गेले आहे. गावात वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे ३६५ देवळे होती असे लोक सांगतात. हा आकडा दंतकथेतला असला, तरी गल्लीगल्लीत दिसणारी छोटी चर्चे पाहिली की तो कुठून आला असेल ते समजते.

ओह्रिडचे महत्त्व वाढले ते नवव्या शतकाच्या अखेरीस. सिरिल आणि मेथोडियस या बंधूंनी स्लाव्ह भाषेसाठी लिपी घडवली होती. ८८५ मध्ये मेथोडियसचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले आणि बल्गेरियाचा राजा बोरिस याने त्यांना आश्रय दिला. त्यांपैकी क्लेमेंट ८८६ मध्ये या प्रदेशात आला. त्याने शेकडो विद्यार्थी तयार केले, प्लाओश्निक येथे मठ उभारला आणि ९१६ मध्ये तेथेच देह ठेवला. पुढे राजा सॅम्युएलने ओह्रिडला राजधानी केली. त्याचे राज्य जिंकल्यानंतर बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल याने येथील धर्मपीठ मोडले नाही. आर्चबिशपचे पीठ म्हणून त्याला मान्यता दिली. ते १७६७ पर्यंत टिकले.

या पीठाचे मुख्य मंदिर म्हणजे सेंट सोफिया. अकराव्या शतकात आर्चबिशप लिओ याच्या काळात ते रंगवले गेले. गावात एकच वास्तू पाहायला सवड असेल, तर ती हीच पाहावी. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर बालयेशूला घेतलेली मेरी आहे आणि तिच्याखाली येशू शिष्यांना प्रसादाची भाकर देत आहे. या भाकरीला त्या काळात मोठा अर्थ होता. प्रसादाची भाकर आंबवलेल्या पिठाची असावी की बिनआंबवलेल्या, यावरून कॉन्स्टॅन्टिनोपल आणि रोम यांच्यात वाद पेटला होता आणि लॅटिन प्रथेवर टीका करणारे पत्र स्वतः लिओनेच लिहिले होते. पूर्व आणि पश्चिम चर्चच्या १०५४ च्या फुटीत जो वाद शिगेला पोहोचला, त्यातली एक बाजू या भिंतीवर रंगांत मांडलेली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. पश्चिमेकडचा दुमजली सज्जा चौदाव्या शतकात आर्चबिशप ग्रेगरीने बांधला.

ऑटोमन राजवटीत या चर्चची मशीद झाली आणि चित्रांवर चुना फासला गेला. हा आघात खराच. पण त्याच चुन्याने चित्रे शतकानुशतके झाकून ठेवली. १९५० च्या दशकात तज्ज्ञांनी तो थर काढला, तेव्हा अकराव्या शतकातील बायझंटाइन चित्रकलेचा एक फार मोठा संच पुन्हा उजेडात आला.

पीठाचे कामकाज मग टेकडीवरच्या पेरिब्लेप्टोस चर्चमध्ये हलले. क्लेमेंटच्या अस्थीही तेथे नेल्या गेल्या, म्हणून लोक त्या चर्चला सेंट क्लेमेंट म्हणू लागले. १२९५ मधले हे चर्च मिखाइल आस्त्रापास आणि युतिखिओस यांनी रंगवले. बायझंटाइन चित्रकार सहसा अनाम राहत. या दोघांनी मात्र योद्धा संतांच्या वस्त्रांवर आणि शस्त्रांवर आपली नावे लिहून ठेवली आहेत. मेणबत्त्यांच्या काजळीने ही चित्रे काळवंडली होती. तीही विसाव्या शतकात स्वच्छ झाली. येशूच्या देहाभोवती शोक करणाऱ्या स्त्रियांचे चेहरे आणि उंचावलेले हात इतके जिवंत आहेत, की तेराव्या शतकात हे रंगले यावर विश्वास बसत नाही.

प्लाओश्निकचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आद्य ख्रिस्ती काळातील बॅसिलिकेची मोझॅक फरशी तेथे उघडी पडली आहे. क्लेमेंटने उभारलेल्या मठाच्या चर्चच्या जागी ऑटोमन काळात इमारेत मशीद उभी राहिली. तिचे अवशेष हटवून २००२ मध्ये जुन्या पायावर नवे चर्च बांधण्यात आले आणि क्लेमेंटच्या अस्थी तेथे परतल्या. एका काळाची वास्तू परत आणताना दुसऱ्या काळाची खूण पुसली गेली, ही खंत उरते. तेथून उतरणारी पायवाट काठावरच्या कड्यावर उभ्या असलेल्या कानेओच्या सेंट जॉन चर्चकडे जाते. दगड-विटांची ही लहानशी वास्तू तिच्या जागेमुळेच जगभर ओळखली जाते. खाली बाजारपेठेत अली पाशा मशीद आणि हलवेती सूफींचा तेक्के, म्हणजे मठ, आहे.

सरोवराच्या दक्षिण टोकाला, सीमेजवळ, क्लेमेंटचा सहकारी नाउम याने ९०५ मध्ये मठ स्थापला. सध्याचे चर्च नंतरच्या काळातले आहे, पण नाउमची समाधी तेथेच आहे. दगडाला कान लावला तर संताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, अशी श्रद्धा आहे. बेक्ताशी या सूफी पंथाचे मुस्लिम याच संताला आपला संत सारी साल्तिक मानून दर्शनाला येत. मठाजवळच प्रेस्पा सरोवराचे पाणी चुनखडीच्या डोंगराखालून झिरपत येऊन झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.

१९७९ मध्ये युनेस्कोने सरोवराला नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९८० मध्ये सांस्कृतिक वारसाही त्यात आला आणि २०१९ मध्ये अल्बानियाचा भाग जोडला गेला. काठावरची बेबंद बांधकामे आणि पर्यटनाचा ताण यांमुळे हे स्थळ धोक्यातील वारशांच्या यादीत टाकावे का, यावर युनेस्कोच्या समितीत चर्चा झाली आहे. जुन्या गावातील घरांचा वरचा मजला रस्त्यावर पुढे काढण्याची जी पद्धत आहे, ती आणि सरोवराकडची मोकळी दृष्टी राखणे हा या संरक्षणाचाच भाग आहे.